वेगळ्या चुलीचं कलम

परिशिष्टसाहेबांनी ठरवलं होतं, देशातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न गुरुवारी दुपारी जेवणाआधी निकालात काढायचा! रजेच्या अर्जालाही परिशिष्ट जोडतात म्हणून खात्यात त्यांना हे नाव पडलेलं. राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा योजनेचा मसुदा त्यांच्याच हातचा, आणि त्यातलं सातवं कलम म्हणजे त्यांचा जीव की प्राण: कमावत्या मुलाच्या चुलीवर जेवणाऱ्याला पेन्शन नाही. चूल वेगळी असेल तरच मिळेल.

रविवारी नाश्त्याला त्यांनी ते घरी वाचून दाखवलं.

"म्हणजे मला नाही?" बाबांनी विचारलं. बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलं होतं, त्यांना कुठली पेन्शन!

"तुम्हाला काय कमी आहे, बाबा? मागाल ते देतो."

"तेच तर! मागावं लागतं. परवा केस कापायला पैसे मागितले, तर म्हणालास, मागच्याच महिन्यात कापले ना? या वयात मला न मागता मिळणारं काहीतरी हवंय रे."

"तत्त्वतः बरोबर आहे. पण सगळ्यांना द्यायचं तर तिजोरी पुरेल का?"

"तिजोरी पुरत नाही म्हणून सुना पुरवायच्या का?" स्वयंपाकघरातून बायको गरजली. हा मुद्दा साहेबांनी टिपून घेतला नाही.

सोमवारी संध्याकाळी घरी येतात तो काय! बाबांची गादी, शिलाई मशीन आणि जुना स्टोव्ह गॅलरीत!

"चूल वेगळी केली," बाबा म्हणाले. "कलम सात."

"अहो, लोक काय म्हणतील!"

"सांग त्यांना, तत्त्वतः एकत्रच आहोत."

दोन दिवसांत कंटाळतील, असं साहेबांना वाटलं. पण बाबा हट्टाला पेटले होते. तिन्ही त्रिकाळ उकडलेले बटाटे खाल्ले, पण आत काही आले नाहीत.

नेमकी त्याच आठवड्यात योजनेची नमुना पाहणी होती. जवळ पडते म्हणून साहेबांनीच आपली वसाहत सुचवली होती. पक्षपात नको म्हणून अहवालात कुणाचं नाव-पत्ता लिहायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

गुरुवारी समितीसमोर त्यांनी सीलबंद पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात पहिला अहवाल वाचायला घेतला.

"वय अठ्ठ्याहत्तर. स्वतः रांधून खातात. मुलगा कमावता, पण लक्ष देत नाही."

"अरेरे!" अध्यक्षबाई हळहळल्या.

"असल्या नतद्रष्ट मुलांमुळेच सातवं कलम लागतं!" साहेबांना स्फुरण चढलं. "पुढे ऐका. मुक्काम, मुलाच्या घराची गॅलरी..." आवाज एकदम खाली आला. "आहार, बटाटे..."

"थांबलात का? वाचा ना!"

साहेब कागद घाईघाईने पाकिटात परत सरकवायला लागले. अध्यक्षबाईंनी कागद ओढून घेतला. "मुलगा सरकारी अधिकारी. दर वाक्याला 'तत्त्वतः' म्हणतो, असं सुनेने सांगितलं."

समितीच्या अकरा माना वळल्या.

"तत्त्वतः..." साहेबांच्या तोंडून निघूनच गेलं.

कलमापायी म्हातारे गॅलरीत जाणार असतील तर ते नकोच, म्हणत समितीने सातवं कलम तिथल्या तिथे खोडलं. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला पेन्शन, चूल न बघता! साहेबांनीही हात वर केला, आणि खरं सांगायचं तर त्यांना मनापासून हलकं वाटलं.

ते धावतच घरी आले. "बाबा, आत चला! सगळ्यांना मंजूर! आता कुणाकडे मागायला नको!"

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी स्टोव्ह विझवला, उशी काखेत मारली. "कधीपासून मिळणार?"

"ते ठरवायला उपसमिती नेमलीय."

"कोण कोण आहे तिच्यात?"

"मी एकटाच!" साहेब छाती फुगवून म्हणाले.

बाबांनी उशी खाली ठेवली आणि काडेपेटी शोधायला लागले.