हयातीचा दाखला

रघुवीर खानझोडे यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली ती एका परिपत्रकामुळे. विजेवर चालणाऱ्या वाहनांना कर्मचाऱ्यांनी प्राधान्य द्यावं, असं त्या परिपत्रकात म्हटलं होतं. चंदीगडच्या त्यांच्या केंद्र सरकारी कचेरीत ते पंचेचाळीस जणांच्या टेबलांवरून फिरलं. चव्वेचाळीस जणांनी सही करून ते पुढे ढकललं आणि रघुवीररावांनी ते मनावर घेतलं. निवृत्तीला पाच महिने उरलेल्या माणसानं परिपत्रकं मनावर घ्यायची नसतात, पण तेहतीस वर्षांची सवय अशी एकदम सुटत नाही.

डिसेंबरच्या शेवटी गाडी आली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या कोठीवाल्यांना, म्हणजे बंगलेवाल्यांना, ती दिसलीसुद्धा नाही. गाडी फाटकाच्या आत कशीबशी मावली आणि मग तिला वीज पाजायची कुठून, हा प्रश्न उभा राहिला. खानझोडे पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. तळमजल्यावर घरमालकीण बीजी एकट्याच असत. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही मुलगे कॅनडात, गुडघे निकामी आणि आवाज मात्र खणखणीत. दोन्ही मजल्यांना मिळून मीटर एकच होतं, बीजींच्या व्हरांड्यातलं.

"शोरूमवाले पॉइंट बसवून देणार होते ना?" त्यांच्या पत्नी नलिनीताईंनी विचारलं.

"ते येऊन गेले. मीटर दोन किलोवॅटचं आहे म्हणाले. आधी लोड वाढवून घ्या, मग बोलवा."

"म्हणजे तोवर गाडी नुसतीच पाहत बसायची?"

"तोवर वायर सोडू."

रघुवीररावांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पेरूच्या झाडावरून एक लांबलचक वायर खाली सोडली. गाडीवर हिरवा दिवा लागला. नवराबायको दोघंही खिडकीतून त्या दिव्याकडे समाधानानं बघत होते, तेवढ्यात नलिनीताईंना आंघोळीची आठवण झाली आणि त्यांनी गीझर लावला. मीटरपाशी फट्ट असा आवाज झाला. वर गीझर गेला, गाडीचा दिवा गेला आणि खाली बीजींचा हीटर गेला. त्या दिवशी सूर्य उगवलाच नव्हता. बीजी दोन रजया पांघरून, तोंडानं वाहेगुरू म्हणत दुपारपर्यंत काळोखात बसून राहिल्या. त्या एका शब्दानं रागावल्या असत्या तर रघुवीररावांना बरं वाटलं असतं.

मार्केटमधला शंकर नावाचा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं जळलेली तार हुंगली, बदलली आणि मान हलवली.

"साबजी, ये मीटर बहुत पुराना है. लोड बढ़वा लो. फॉर्म भरो, कंझ्युमर का साइन करवा लो, हफ्ते में काम हो जाएगा."

कंझ्युमर कोण, म्हणून रघुवीररावांनी बिल पाहिलं. बिलावर नाव होतं सरदार उजागर सिंह. बीजींचे यजमान. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"लाओ, साइन मैं कर देती हूँ," बीजी म्हणाल्या. "ग्यारह साल से मैं ही करती हूँ. मेरा साइन उनसे अच्छा आता है."

रघुवीररावांचा चेहरा पडला. मूळ कागद पाहिल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात एकही प्रत साक्षांकित केली नव्हती. सख्ख्या मेव्हण्याची मार्कशीट त्यांनी मूळ प्रत नाही म्हणून परत केली होती, आणि तो मेव्हणा अजूनही त्यांच्याशी बोलत नव्हता. 'घेऊन जातो, बघतो,' असं पुटपुटत ते फॉर्म वर घेऊन आले.

"करू द्या ना त्यांना सही," नलिनीताई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही का? घरही सरदारजींच्याच नावावर आहे. नाव बदलायचं म्हटलं की दोन्ही मुलांच्या सह्या आल्या. मुलं म्हणून राहिली, कोठी विका आणि बीजींना इकडे आणा. तिकडे तळघरातली एक खोली ठरवूनही ठेवली आहे त्यांच्यासाठी. म्हणून त्या कुठलाच कागद हलवत नाहीत. बिल सरदारजींच्या नावानं येते, तोवर घर त्यांचं, म्हणते बिचारी."

रघुवीररावांना हे सगळं पटलं. बीजींना त्रास होऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून खोटी सही काही त्यांनी घेतली नाही. भाडेकरू या नात्यानं स्वतःच अर्ज केला, आणि ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात, कुणाचीही दिशाभूल होऊ नये एवढ्याच हेतूनं, 'उजागर सिंह' याच्या आधी स्वच्छ अक्षरात एक शब्द जास्तीचा लिहिला. स्वर्गीय. खरी माहिती दिली की काम अडत नाही, असा त्यांचा समज होता. तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत काढूनही हा समज शाबूत कसा राहिला, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

दहाव्या दिवशी वीज कार्यालयाचं पत्र आलं. ते घेऊन बीजी जिना चढून वर आल्या. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच जिना चढत होत्या. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"अंग्रेज़ी में है, पुत्तर. पढ़ दे."

पत्र सरदार उजागर सिंह यांनाच लिहिलं होतं. आपलं निधन झाल्याचं या कार्यालयाच्या निदर्शनास आलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. तरी आपण पंधरा दिवसांच्या आत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची संमतीपत्रं घेऊन समक्ष हजर राहावं. न राहिल्यास आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल.

रघुवीररावांनी त्याचं हिंदी करून सांगितलं. एरवी अशा पत्राला ते पोट धरून हसले असते. बीजींनी पत्र परत हातात घेतलं.

"इनको किसने बताया?"

"मैंने," रघुवीरराव म्हणाले. "फॉर्म में लिखा था."

बीजींनी पत्राची घडी घातली. "झूठ तो नहीं लिखा तूने," त्या म्हणाल्या. "सच ही लिखा है." मग कठड्याला धरून त्या खाली गेल्या. पुढचे चार दिवस खालून मक्याची रोटी आली नाही की साग आलं नाही, आणि रोज संध्याकाळी रेडिओवर लागणारं कीर्तनही ऐकू आलं नाही.

 चौथ्या दिवशी नलिनीताई बोलल्या.

"अकरा बदल्या झाल्या. अकरा गावांत मी पडदे कापले आणि पुन्हा जोडले. कोणी मला नावानं हाक मारत नव्हतं, सगळ्यांना मी खानझोडेसाहेबांची मिसेस. ही एक बाई खालून नलिनी म्हणून ओरडते. आणि तुम्ही एक शब्द काय लिहिला, तिला तिच्याच घरातून उठवून राहिले."

"मी उद्या वीज कार्यालयात जाऊन बोलतो."

"चालत जाल. गाडीत नऊ टक्के उरले आहेत."

ते चालत गेले. वीज कार्यालयात काउंटरवर मीनाक्षी मॅडम बसत. खिडकीतून येणारा प्रत्येक कागद परत कसा करता येईल, या नजरेनं त्या बघत, आणि रघुवीररावांना ती नजर ओळखीची वाटली. त्यांनी अडखळत सांगितलं, की अर्जात एक शब्द चुकून जास्तीचा पडला आहे.

"मतलब कंझ्युमर ज़िंदा है?"

 रघुवीररावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

"तो लाइफ सर्टिफिकेट लगा दो," मॅडम म्हणाल्या. "किसी भी गॅझेटेड ऑफिसर से बनवा लो. वो लोग कौनसा देखते हैं, ठप्पा लगाके दे देते हैं."

गॅझेटेड ऑफिसर म्हणजे राजपत्रित अधिकारी. रघुवीर खानझोडे स्वतः राजपत्रित अधिकारी होते. त्यांच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात त्यांचा शिक्का होता, शाईच्या डबीसकट. परत येताना रोझ गार्डनच्या कडेच्या बाकावर ते अर्धा तास बसले. निवृत्तीला चार महिने राहिले होते. खोट्या दाखल्यावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याच्या पेन्शनचं काय होतं, हे त्यांना पाठ होतं. असे दोन जण त्यांनीच पकडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बीजींच्या खोलीत गेले. दाखल्याचा मजकूर ठरलेला असतो: 'वरील व्यक्तीस मी आज प्रत्यक्ष पाहिले असून ती हयात आहे.' निदान वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असावा, म्हणून ते भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले. फिकट निळी पगडी, जाड भुवया, कुणीतरी फोटो काढतंय म्हणून धरलेला दम. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"क्या देख रहा है?" बीजींनी पलंगावरून विचारलं.

"मिल रहा हूँ जी," रघुवीरराव म्हणाले.

तिथंच, पलंगाच्या कडेला वही टेकवून त्यांनी दाखला लिहिला, सही केली आणि शिक्का मारला. शिक्का थोडा तिरका उमटला. बीजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कागद काय आहे ते त्यांना कळलं. त्यांनी हात उचलून रघुवीररावांच्या डोक्यावर ठेवला. रघुवीररावांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही.

कंझ्युमर जिवंत झाल्याबरोबर सगळं भराभर झालं. नवं मीटर आलं. तपासणीला आलेल्या माणसानं सरदारजी कुठे आहेत विचारलं, तर बीजींनी शांतपणे "गुरुद्वारे गए हैं" म्हणून त्याला चहा दिला. शंकरनं जमिनीत खड्डा खणून अर्थिंग केलं आणि शोरूमवाल्यांनी भिंतीवर चार्जिंगचा डबा बसवला. फेब्रुवारीच्या मध्याला गाडी शंभर टक्के भरली. रविवारी बीजींना पुढच्या सीटवर बसवून तिघंही पिंजौरच्या बागेत जाऊन आले. गुडघ्यांमुळे बीजी गाडीतून उतरल्या नाहीत, पण गाडीचा आवाजच येत नाही, याचं त्यांनी येताजाता कौतुक केलं. खालून पुन्हा साग येऊ लागलं.

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. पण वीज कार्यालय हल्ली काम झालं की ग्राहकाला मोबाइलवर संदेश पाठवतं. 'प्रिय उजागर सिंह, अभिनंदन. आपला लोड वाढवण्यात आला आहे.' या कनेक्शनला जोडलेला नंबर बीजींच्या थोरल्या मुलाचा होता. त्याला हा संदेश कॅनडात, बर्फ उपसत असताना मिळाला. बाप जाऊन अकरा वर्षांनी लोड वाढवतो आहे म्हटल्यावर तो चिडला. आई एकटी आहे, कुणीतरी भाडेकरू तिला फसवतो आहे, तेव्हा आता कोठीचा निकाल लावायचाच, असं त्यानं ठरवलं, आणि पहिली पायरी म्हणून वडिलांच्या मृत्यूचा दाखला वीज कार्यालयाला धाडून दिला.

मार्चच्या अखेरीस एका सकाळी रघुवीररावांच्या टेबलावर डाक आली. त्यात वीज कार्यालयाचं एक जाड पाकीट होतं, आणि त्यावर त्यांचंच नाव, हुद्द्यासकट. उजागर सिंह नावाच्या ग्राहकाबाबत दोन परस्परविरोधी दाखले या कार्यालयास मिळाले आहेत. पैकी हयातीचा दाखला आपण दिला आहे काय, आणि दिला असल्यास सदर व्यक्ती हयात आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा. तोवर प्रकरण विचाराधीन असून ग्राहकाच्या नावात कोणताही बदल करता येणार नाही. दोन्ही दाखल्यांच्या प्रती सोबत होत्या.

 समोर प्रतीक उभा होता. नाशिकचा पोरगा, परीक्षा देऊन लागलेला. एक जूनपासून त्यांच्या खुर्चीवर तोच बसणार होता.

"सर, उत्तर टाइप करू का? दोन ओळींचं तर काम आहे."

"थांब जरा," रघुवीरराव म्हणाले. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. नावात कोणताही बदल करता येणार नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सोबतच्या प्रती एकेक करून उजेडात धरल्या. मृत्यूच्या दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक झेरॉक्समध्ये जरा पुसट आला होता. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सोबतची प्रत अस्पष्ट आहे. सुवाच्य व साक्षांकित प्रत पाठवावी, म्हणजे पुढील विचार करता येईल.' आणि साध्या टपालानं पाठवा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं. खाली बीजींचं कीर्तन चालू होतं. नलिनीताईंनी तव्यावरची पोळी उलटली.

"यानं किती दिवस निघतील?"

"महिना जाईल. मग मी जन्मतारीख विचारीन. मग वडिलांचं नाव. एकतीस मेपर्यंत मी हे प्रकरण हलू देत नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर माझ्या जागी प्रतीक येईल."

"कसा आहे तो?"

"फार चांगला मुलगा आहे," रघुवीरराव म्हणाले. "आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देतो."