वाटणी न झालेला चाफा

सकाळी साडेसहा वाजता प्रभाकररावांनी गोळ्यांची बाटली तळहातावर उलटी केली. काहीच पडलं नाही.

१९९८ चा मार्च होता. आर्वीच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या प्रभाकररावांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून टमाट्यासारखा लाल झाला होता. हा वात अधूनमधून यायचा आणि एका बारीक गोळीनेच जायचा.

“परवा तं अर्धी बाटली भरून होती,” त्यांच्या पत्नी शोभाबाई म्हणाल्या.

“मंग उंदरांले वात झाला काय?”

धाकटा भाऊ हेमराज औषधाच्या दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परतला. गोळी वर्ध्याहून दुपारच्या एसटीने येणार होती. तोवर पंख्याचा वारा लागला तरी प्रभाकरराव ओरडत होते. शेवटी त्यांनी केळझरच्या गणपतीला हात जोडले. नवस बोलतानाही त्यांच्यातला व्यापारी जागा होता. सोन्याचांदीचा विषय त्यांनी टाळला.

“देवा, एवढा अंगठा थांबव. अंगणातल्या सोनचाफ्याचं पहिलं फूल तुले वाहीन. तोवरी चहा बंद.”

चहा सोडणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा आणि गेलं की त्या आनंदात पुन्हा चहा, असा त्यांचा दिवस जायचा. पण चाफा कलमी होता आणि पावसाळ्यात फुलेल असं रोपवाटिकेवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सौदा परवडण्यासारखा होता.

दुपारी गोळी आली आणि संध्याकाळपर्यंत ठणका उतरला. काठी टेकत प्रभाकरराव आपल्या चाफ्याला भेटायला अंगणात गेले, तर रोपाच्या शेंड्यावर कापसाचा ओला बोळा बांधलेला होता.

“याले काय झालं? याचाबी अंगठा दुखते?”

मुलगी रीता दारात आली. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय वनस्पतिशास्त्र.

“बाबा, तुमच्या गोळ्या मी त्याले देल्या.”

“काऊन?”

“तुमची गोळी एका झाडातूनच काढते. ती शेंड्याले लावली की झाड दुप्पट होते.”

“उंच?”

“उंच नाई, आतून. पेशी फुटाच्या आधी तिच्यातला गुणसूत्रांचा सगळा संच दुप्पट होते, मंग दोघींत वाटणी होते. या गोळीनं वाटणीच होत नाई. सगळं एकाच घरात राह्यते. अडतीसचे शहात्तर.”

प्रभाकररावांनी हेमराजकडे पाहिलं. या दोघा भावांच्या घराची वाटणीही वडील गेल्यापासून अशीच राहून गेली होती.

“म्हणजे आपल्या घरासारखं.”

“तसंच समजा. फुलझाडांत हे आपोआपबी होते. चाफ्याच्या घराण्यात तं कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेलं म्हणतात. एक संच जुनं काम सांभाळते. दुसऱ्याले काम नसते, तो रिकामा बसून नवं नवं करून पाह्यते. त्यातूनच कधी नवा रंग निंगते, कधी नवा वास.”

“हेमराज,” प्रभाकरराव म्हणाले.

हेमराजने तोवर पिठाची गिरणी, शेळ्या आणि एसटीडी बूथ करून पाहिले होते. तो मान खाली घालून हसला.

“बरं, फूल कवा?”

“मोठं येईन बाबा. पाकळ्या जाड राह्यतीन.”

“मोठं किती ते नाई इचारलं. कवा?”

“दुप्पट झालेलं झाड हळू वाढते.” रीताने बोळ्याकडे पाहिलं. “किती हळू, ते पुस्तकात नाई.”

प्रभाकररावांनी नवसाची गोष्ट सांगितली. आत गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला.

तो पावसाळा गेला. पुढचाही गेला. चाफ्याला काळसर हिरवी, चामड्यासारखी जाड पानं आली, फूल मात्र आलं नाही. हेमराज म्हणाला, “दादा, दुसरं कलम आणून देतो.” प्रभाकररावांनी त्याला गप्प केलं. नवस याच झाडाचा बोलला होता.

रीताचं लग्न होऊन ती समुद्रपूरला गेली आणि तिथल्या कॉलेजात शिकवू लागली. प्रभाकरराव दुपारी दुकान बंद करून झाडाखाली खुर्ची टाकायचे. सरकी काढणाऱ्या जिनिंगकडून कापसाचे तंतू तरंगत येत आणि पानांवर बसत. मधमाशी नव्हती तेव्हाही चाफ्याचं घराणं होतं, फुलांवर म्हणे भुंगेरेच यायचे, असं रीता सांगून गेली होती. ते ऐकल्यापासून त्यांचा डोळा लागला की भुंगेरे दिसायचे. मोठे, चकचकीत, घाई नसलेले. दुकानाच्या पायरीवर ओळीने बसून ते बशीतून चहा प्यायचे आणि प्रभाकरराव त्यांना कोट्यवधी वर्षांपूर्वीचं सुती कापड उलगडून दाखवायचे. जाग आली की समोर कोणी नसायचं, पण चहाचा वास काही वेळ राहायचा. आता ते झाडावर रागावत नव्हते. आत कोणीतरी रिकामं बसून काहीतरी करून पाहत आहे, या विचाराने त्यांना बरं वाटायचं.

२००५ च्या पावसाळ्यात शेंड्याला कळी आली. अंगठ्याएवढी जाड. रीता समुद्रपूरहून धावत आली.

कळी पहाटे उमलली. वासाने आधी शोभाबाई उठल्या, मग गच्चीवर झोपलेला हेमराज, मग अख्खी गल्ली. प्रभाकरराव शिडीवर चढले, फांदी वाकवली आणि फुलाजवळ तोंड नेऊन त्यांनी इतक्या वर्षांचा एक लांब श्वास आत घेतला.

“अहो!” शोभाबाई किंचाळल्या. “हुंगलेलं फूल देवाले चालत नाई!”

प्रभाकरराव शिडीवरच गोठले. “मी हुंगलं नाई. श्वास घेतला. श्वासबी घेऊ नोको काय?”

“दादा, डोळे मिटून घेतला तुमी,” हेमराज म्हणाला.

“अन् तू गच्चीवरून घेतला तो?”

“मी झोपेत होतो.”

“बाबा, याचा वासच दुप्पट हाय,” रीता म्हणाली. “अख्ख्या गल्लीनं हुंगलं. एकट्या तुमचं काय धरता?”

शोभाबाईंना हे पटलं नाही, पण दुसरं पहिलं फूल आणायचं कुठून? फूल स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केलं. वर्ध्याला गाडी बदलून चौघं केळझरला निघाली. सेलूच्या आसपास कंडक्टरने विचारलं, “चाफा कोणापाशी हाय हो?” चौघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

देवळात पुजाऱ्याने डबा उघडला. शोभाबाईंनी “महाराज, त्याले हुंगलं...” एवढंच म्हटलं, तोवर पुजाऱ्याने फूल नाकाशी नेलं होतं.

“वा!” पुजारी डोळे मिटून म्हणाले, आणि त्यांनी ते देवाला वाहिलं.

नवस फिटला की नाही, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर शोभाबाईंनी आलं घालून चहा केला, कप झाडाखालच्या खुर्चीजवळ ठेवला आणि वर बशी झाकली. शेवटची बातमी हाती आली तेव्हा बशी तशीच होती. शेंड्यावर दुसरी कळी दिसू लागली होती आणि प्रभाकरराव बशीकडे आणि कळीकडे आळीपाळीने पाहत होते.