वयवाढ

गेली कित्येक वर्षं एक गृहस्थ दर शनिवारी सोफ्यावरून उडी मारून सासऱ्यांच्या घरात प्रवेश करत होते. मालिका विनोदी, लोकप्रिय आणि संपायचं नाव न घेणारी. त्यांना सगळं जग जावईबापू म्हणे. खरं नाव एका बायकोला तेवढं ठाऊक. मालिकेत जावईबापूंचं लग्न नुकतंच झालं होतं. घरी ते आजोबा झाले होते, पण तसं चारचौघांत बोलायला करारात मनाई होती.

गुडघ्याने मात्र करार वाचलेला नव्हता.

"सरळ सांगा ना त्यांना," मलम चोळता चोळता बायको वैतागली. "म्हणावं, यापुढे दारातून येईन. दारं असतात कशाला?"

जावईबापू वाहिनीच्या पात्रसातत्य विभागात गेले आणि हात जोडून म्हणाले, "पगारवाढ नको. वयवाढ द्या."

विभागप्रमुख बाई गंभीर झाल्या. "धोरणात बसत नाही हो. तुमचं वाढलं की सासऱ्यांचंही वाढवावं लागणार. मग प्रेक्षकांनाही आपलं आठवणार. जबाबदारी कोण घेईल?"

"अहो, पण हे नवे सासरे माझ्याहून लहान आहेत! रंगपटात मला काका म्हणतात."

"ते तुमचं खाजगी नातं झालं."

शेवटी बाईंनी सहानुभूतिपूर्वक विचार करून उतारवयाच्या घालमेलीवर एक भाग मंजूर केला. जावईबापू अधिकृतरीत्या तरुण असल्याने घालमेल सासऱ्यांना देण्यात आली. जावईबापूंनी फक्त उडी मारून यायचं आणि सासऱ्यांना धीर द्यायचा, "वय म्हणजे नुसता आकडा!"

चित्रीकरणाला प्रेक्षागृह खच्चून भरलं होतं. जावईबापू धावत आले, पाय उचलला, आणि गुडघ्याने साफ नकार दिला. ते मुकाट्याने सोफ्यावर बसले. वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"नाही जमत हो आता," ते म्हणाले. "गुडघा ठणकतो. आणि भीती वाटते. उडी गेली तर माझ्याजवळ उरलं काय?"

मग असा हशा पिकला की लोक पोट धरून डोळे पुसू लागले. जन्मात इतकं खरं जावईबापू कधी बोलले नव्हते. त्यांना रडू आलं, तर त्यालाही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पुष्पगुच्छ घेऊन घरी हजर. "अभिनंदन! तुमचा गुडघा मालिकेत कायम केलाय."

जावईबापूंचा चेहरा उजळला. "म्हणजे उडी रद्द?"

"छे हो! उडी मारल्याशिवाय गुडघा दुखेल कसा?"

तेव्हापासून दर शनिवारी जावईबापू उडी मारतात, कळवळतात, भीती वाटते म्हणतात आणि घरोघरी लोक हसून लोळतात. बायको तेवढी टीव्ही बंद करून मलम शोधते.

तुम्हीही हसलात ना, वाचकहो? छान. आता जरा बसल्या जागेवरून उठून दाखवा बघू, कशालाही हात न टेकता. आणि हो, "आई गं" म्हणायचं नाही.