हिल्लाची जागा

चार दिवसांच्या रानमुक्कामाचा बेत आखायला मला अर्धा तास पुरतो! साठ वर्षं उत्तरेकडच्या या इनारी गावात काढली आहेत. शिवाय या वेळी बेत चुकवून चालणार नव्हतं. धाकटा भाऊ कालेर्वो रविवारी कायमचा दक्षिणेला, तुर्कूला लेकीकडे राहायला चालला होता. आम्ही दोघं एकत्र रानात जाण्याची ही शेवटची वेळ. नुसत्या विचारानंच मला जेवण जात नव्हतं.

नकाशा टेबलावर पसरला आणि मी पहिलं काम केलं ते हे, की कॉफीचा कप एका दलदलीवर ठेवला. तिथे माझी हिल्लाची जागा! जुलै संपता संपता ती पिवळी फळं तिथे बादलीनं मिळतात. हिल्लाची जागा आमच्याकडे कुणी बायकोलाही सांगत नाही.

"कप उचल, ओइवा," कालेर्वो म्हणाला.

"गरम आहे!"

मग त्यानं साखरेचं भांडं कपाला खेटून ठेवलं. बरंच झालं, म्हटलं, जागा आणखी झाकली.

"पूर्वेकडून जाऊ," तो म्हणाला.

"पश्चिमेकडून!" मी म्हणालो. दोन्ही वाटा कपापासून लांब. तासाभरात आमची वाट साठ किलोमीटरची झाली, वर दोन नद्या कमरेएवढ्या पाण्यातून.

माझी बायको सिर्का नकाशात डोकावली. "फिरायला जाताय, की पोलिसांपासून पळताय?"

वाट कुठली, यावरून आम्ही असे भांडलो की विचारू नका! दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, गुडघा धरलाय. मी म्हणालो, माझीही पाठ गेलीय. बेत रद्द! फोन ठेवला आणि खिडकीशी बसून राहिलो. चार दिवस काय, चार तासही आम्हाला जमले नाहीत.

गुरुवारी सकाळी मासे धरायच्या नावाखाली मी एकटाच दलदलीवर गेलो. तिथे एक माणूस उकिडवा बसून फळं तोडत होता. चांगला ऐसपैस उकिडवा!

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

कालेर्वो दचकलाच. "पाठ कशी आहे?"

त्यानं बादली हळूच पायामागे सरकवली.

"बाबांनी दाखवली ही जागा," शेवटी तो म्हणाला. "म्हणाले, ओइवाला सांगू नकोस, तो बडबड्या आहे."

"मला म्हणाले, कालेर्वोला सांगू नकोस, हावरट आहे!"

"म्हणजे दरवर्षी निम्मी फळं तू न्यायचास? मी चाळीस वर्षं अस्वलाला शिव्या घालतोय!"

"मीही!"

आम्ही हसलो. मग हसू आटलं. थर्मासच्या एका झाकणातून दोघांनी कॉफी प्यायली. ना तंबू होता, ना वेळ. रविवारी मी त्याला बसवर सोडून आलो.

त्याला वर्ष झालं. या जुलैत मी एकट्यानं तीन बादल्या भरल्या. निम्म्या त्याच्या वाट्याच्या, हे हात थांबून थांबून सांगत होता. घरी येऊन तुर्कूला फोन लावला.

"हिल्ला मिळाली, तीन बादल्या!"

"अरे वा! कुठं सापडली?" कालेर्वोनं मोठ्यानं विचारलं. लेक शेजारी बसलेली असणार.

"सांगणार नाही!" मी म्हणालो. फोन ठेवून बशीभर हिल्ला घेतली आणि चार दाण्यांतच बशी सरकवली. यंदा फार आंबट निघाली हो!