विठाबाईंचा निळा जाळ

केडगावच्या पार्वतीबाईंकडे सिलिंडर आला आणि त्या दिवसापासून त्यांना दुसऱ्यांच्या चुलींची फार कीव यायला लागली. वरवंडच्या विठाबाई त्यांच्या विहीणबाई. त्यांनी तरी किती सोसायचं? एका बारशात, भर पंगतीत त्या म्हणाल्याच, "तुमच्या गॅसला नंबर लावावा लागतो, विहीणबाई. आमचा गॅस बाभळीला लागतो. येत्या रविवारी जेवायलाच या. पुरणपोळी त्याच गॅसवर करते."

गॅस काही खोटा नव्हता. त्यांचा लेक संपत कारेगावच्या एका कारखान्यात फिटर. त्यानं परसात, पत्र्याच्या उघड्या शेडात एक उभं पिंप बसवलं होतं. रानातल्या वाळक्या काटक्या त्यात भरायच्या, बेताचीच हवा देऊन धुमसवायच्या, आणि निघेल तो गॅस नळीनं शेगडीला. सुरुवातीला त्या गॅसनं पातेल्यांना डांबर फासलं. मग संपतनं वाटेत विटांच्या चुऱ्याची गाळणी घातली, काटक्या बोटाएवढ्या तोडून वाळवायला लावल्या, तेव्हा कुठं जाळ निळा झाला.

"आई, सगळं वाळलेपणावर हाय," त्यानं बजावलं होतं. विठाबाईंनी मान हलवली होती. मान हलवणं आणि ऐकणं ही त्यांच्याकडे दोन वेगळी कामं होती.

रविवारी विहीण यायची म्हणून त्यांनी सकाळीच अंगणात आणि परसात दणकून सडा घातला. वाळत घातलेल्या काटक्यांवर त्यांना धूळ दिसली. पाहुणी काय म्हणेल? एक बादली काटक्यांवरही गेली.

थोड्या वेळानं संपत पिंपाशी खोकत होता. "आई, काटक्या कुणी भिजवल्या?"

"भिजवल्या न्हाईत. सडा घातला."

"सरपणाला सडा?"

"मग तुझ्या सासूला धूळ दावू व्हय?"

शेगडीतून नुसता पांढरा धूर निघत होता. काड्यापेटी संपली, जाळ काही धरेना. तेवढ्यात ओसरीवर चपला वाजल्या. "आले बरं का, विहीणबाई!"

विठाबाई सुनेकडं वळल्या. "राजश्री, शेडाशेजारची चूल पेटव. गोवऱ्या घाल चांगल्या."

"आत्या, माझ्या आईशी खोटं बोलू?"

"बोलायचं काम माझं. तू निस्त्या पोळ्या लाट."

ओसरीवर पार्वतीबाईंनी घरामागून वर चढणारा धूर पाहिला. "चूल पेटलीय जणू?"

"चूल कसली! यंत्र चालू हाय. धूर दिसला की समजायचं, गॅस झाला."

"मला दावा की."

"आधी पोट, मग यंत्र. तापल्या यंत्राला नवं माणूस सोसत न्हाई. भडकतं."

पार्वतीबाईंनी पाय वर घेतले.

जेवताना मात्र त्यांनी पोळीमागून पोळी संपवली. "खोटं कशाला बोलू? आमच्या सिलिंडरवर ही खरपूस चव येत न्हाई." विठाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. राजश्रीनं पदर तोंडाला लावला.

संपत काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं काटक्या तापलेल्या पत्र्यावर पसरल्या, गाळणी धुऊन वाळवली, आणि उन्हं कलताना शेगडीत काडी टाकली. भक्क! निळा, स्वच्छ, बिनधुराचा जाळ. त्यानं स्वतः त्याच्यावर चहा ठेवला आणि कप घेऊन ओसरीवर आला.

"घ्या मामी, खास गॅसवरचा च्या!"

पार्वतीबाईंनी घोट घेतला, मान वर करून घरामागं पाहिलं आणि हसल्या. "जावईबापू, मला येडी समजता व्हय? धूर कुठाय? यंत्र कवाच बंद पडलंय. ह्यो च्या स्टोव्हवरचा. रॉकेलचा वास मारतोय."

"अवं मामी, चला, डोळ्यांनी बघा! निळा जाळ—"

पार्वतीबाई उठायला लागल्या. परसात चुलीत निखारे अजून लाल होते, वर तवा, शेजारी पोळपाट आणि सगळीकडे पीठ.

"संपत, बस खाली!" विठाबाई कडाडल्या. मग जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाल्या, "स्टोव्हवरचाच हाय, विहीणबाई. पोराला वाटलं, तुमच्या ध्यानात येणार न्हाई."

संपत मटकन खाली बसला.

"ध्यानात न यायला काय झालं?" पार्वतीबाई पुन्हा ऐसपैस बसल्या. "गॅस वापरणारी बाई हाय मी."