कमरेइतका घोडा

आमच्या वडशाचे देवाजीभाऊ मोठ्या जहाजावर पाच दिवस राहून आले, आणि समुद्र कसा असतो हे त्यांना सांगता येत नाही. मी खोदून खोदून विचारलं.

“निळा असन,” म्हणाले. “पण मास्तर, वरच्या मजल्यावर बुद्धिबळ! घोडा हा असा, कमरेइतका! कवेत धरून न्या लागते!”

मुंबईला नोकरी करणाऱ्या लेकीनं आईबापांना ही सफर घडवली होती. परत आल्याबरोबर राइस मिलमधून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी अंगणातला वांग्यांचा वाफा मोडला, जमीन शेणानं सारवली आणि चुन्यानं चौसष्ट घरं आखली. मोहरे बनवले नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आमच्या पेंटरनं, बांबू आणि पुठ्ठ्याचे. त्यानं उंट कधी पाहिला नव्हता, म्हणून रोह्याला, म्हणजे नीलगाईला, वशिंड लावून दिलं. भाऊ म्हणाले वजीर कर, लेक फोनवर म्हणाली राणी कर. त्यानं दोघांचं मन राखलं: मिशी काढली आणि नथही घातली.

भाऊंना राग एकच. “तिथी उंटाच्या जागी पाद्री! अन् हत्ती तं नाईच, बुरूज! मी तिथं खेळणाऱ्या एका गोऱ्याले म्हटलं, आमच्या गडचिरोलीत ये, खरे हत्ती धान तुडवून राह्यले.”

“त्याला काय समजलं?”

“त्यानं हात मिळवला.”

आम्हा शेजाऱ्यांना भाऊ ओट्यावरच्या लहान पटावर पाच मिनिटांत हरवत. खरा डाव मात्र रोज सकाळी सुमनबाईंशी, म्हणजे बायकोशी. बाईंना लकवा मारून गेलेला, डावा पाय ओढत काठीनं चालत. पण नियम म्हणजे नियम: ज्याचा मोहरा, त्यानंच जाऊन हलवायचा. बाई काठीनंच तो ढकलत. “चाल ना व, चाल!” भाऊ ओरडत, आणि रस्त्यानं जाणारे म्हाताऱ्याच्या घाईला हसत.

एक दिवस मी पाहिलं, भाऊंनी वजीर एक घर सरकवला की मात. भाऊंनी कोपऱ्यातलं प्यादं हलवलं.

“भाऊ, मात होती ना!”

त्यांनी मला दंडाला धरून हँडपंपामागे ओढलं. “काऊन बोंबलून राह्यले, मास्तर? लकव्यानंतर डॉक्टर चाल म्हणे, मी चाल म्हणे, पोरगी चाल म्हणे. ही खाटेवरून उठेना. जहाजावर बी खुर्चीतच. तो घोडा पाहून हसली, अन् उठली! तीन घरं चालली, अन् त्याच्या तोंडावरून हात फिरवला. समुद्र पाहाले फुरसत कोणाले होती?” आवाज आणखी खाली आला. “डाव संपला तं झालं म्हणन, अन् खाट धरन. बावीस दिवस झाले याच डावाले.”

भाऊ चहा आणायला आत गेले. बाईंनी मला जवळ बोलावलं आणि काठीनं दाखवलं. “मास्तर, माहा घोडा तिथी ठेवला तं ह्यायचा राजा मेला नं?”

मी पाहिलं. मेला होता.

“मग ठेवा ना, बाई!”

“काऊन? मिल सुटली तवापासून हे तोंड पाडून बसत. आता उठल्याबरोबर चुना मारत फिरतात. डाव संपवून माणसाले रिकामा करू काय?”

भाऊ कपबशी घेऊन बाहेर आले. बाई पटाच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या हत्तीकडे निघाल्या. मी सोबत चालत गेलो. हत्तीपाशी थांबून त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

“धरा. याले आज उचलूनच नेईन. दोन्ही हात लागतात.”

मागे भाऊ कपबशी खाली ठेवून बाईंची घरं मोजायला लागले: “एक... दोन...”