सुभेदार आणि त्यांचा रेडा

सुभेदार हणमंतराव कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातून एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढतात. त्याचं टोक घरातल्या एखाद्या चालत्या यंत्राला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकतात. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा यंत्र म्हणजे फ्रिज होता. थोड्या वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, "अजित, हा दमलाय. उन्हाळा काढंल, पर पावसाळा न्हाई काढायचा."

मला राग आला. फ्रिज माझ्या बायकोच्या माहेरचा होता. पण तो जूनमध्ये गेला आणि त्या दिवसापासून माझी बायको सुभेदारांना डॉक्टर समजते.

एकदा आमच्या कडेगावातच एका लग्नाला गेलो. मांडवामागं जनरेटर लावला होता. सुभेदारांनी त्याला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि नवरीच्या बापाला सांगितलं, "अक्षता पडायच्या आत हे बंद पडंल." नवरीचा बाप घाबरला. सुभेदारांनी कोट काढून माझ्याकडं दिला आणि फिल्टर उघडून बसले. जनरेटर बंद पडला नाही. सुभेदारांना मात्र लग्न दिसलं नाही. फोटोत ते नवरा-नवरीशेजारी उभे आहेत, दोन्ही हात काळे, आणि तोंडावर असं समाधान की नवरदेवापेक्षा तेच जास्त खूश दिसतात.

त्यांची सगळी नोकरी फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपात गेली. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी घराला रंग दिला नाही, शेतात बोअर मारली नाही. त्यांनी लांबच्या प्रवासाची एक मोठी मोटरसायकल घेतली. पुढं वारा अडवायला उंच काच, मागं दोन्ही बाजूंना पेट्या, आणि टाकी अशी फुगलेली की आमच्या गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव रेडा ठेवलं. सुभेदारांनी ते मनाला लावून घेतलं नाही. "रेडाच हाय. पर माझा रेडा वाटंत बसणार न्हाई," ते म्हणाले.

तो बसू नये म्हणून दर रविवारी त्यांच्या अंगणात जे चालतं ते बघायला मी मुद्दाम जातो. जुनं पोतं अंथरलेलं असतं. दात घासायच्या ब्रशनं चेन घासून काढायची, पुसायची, वंगण द्यायचं. मग चेन खालून बोटानं उचलून बघायची. फार सैल नको, फार ताठ नको. ताठ असली तर ते चेनला समजावतात, "आखडू नगंस. मोकळी ऱ्हा जरा." बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी काढून त्यावर व्हॅसलीन. गळीत हंगामात रस्त्याला उसाची वाहनं लागली की धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वरचेवर झटकायचा. क्लचच्या केबलला चिकटून दुसरी नवी केबल आधीच बांधून ठेवलेली. पहिली तुटली तर नुसती टोकं बदलायची.

"बिघाड सांगून येतो गड्या. आपलंच ध्यान नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडीबद्दल ते म्हणतात, फ्रिजबद्दल म्हणतात, आणि माझी दाढ ठणकत होती तेव्हाही म्हणाले.

एकदाच बिघाड न सांगता आला. पावसात आम्ही दोघं कराडहून येत होतो. एका ट्रॅक्टरला वाट द्यायला थांबलो. पुन्हा निघताना गिअर टाकला की इंजिन बंद. परत चालू केलं, गिअर टाकला, परत बंद. मागं वाहनांची रांग लागली. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "सुभेदार, टोचन करू का?" गाडीला दोर लावून ओढून न्यायची, ही कल्पना सुभेदारांना गोळी लागल्यासारखी लागली. ते रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली हात घातला. बाजूचा स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारं एक छोटं बटण तिथं असतं. त्यात चिखल बसला होता. स्टँड वर होता, पण बटणाला तो खालीच वाटत होता. सुभेदारांनी बाटलीतल्या पाण्यानं ते धुतलं आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवसापासून चेनबरोबर ते बटणही साफ होऊ लागलं.

एवढी सगळी तयारी खरं तर एकाच सवारीसाठी होती, आणि ती सवारी बसायला तयार नव्हती. मालनवहिनी. बायकोसाठी सुभेदारांनी मागची सीट रुंद करून घेतली, पाठीला टेका बसवला, वहिनींच्या मापाचं हेल्मेट आणलं. वहिनी म्हणत, "मी न्हाई बसत."

सुभेदारांची खात्री होती की वहिनींना गाडी वाटेत बंद पडायची भीती आहे. म्हणून त्यांनी एक दिवस अंगणात चांगल्या टायरला स्वतः खिळा ठोकला. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सुभेदारांनी खिळा काढला, भोकात रबराची पट्टी घातली, छोट्या पंपानं हवा भरली आणि घाम पुसत उभे राहिले. "बघितलंस? रानात पंक्चर झाली तरी काय भ्या न्हाई."

वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भावजी, चांगल्या टायरला खिळा मारला ह्यांनी. कुणाला सांगू नगा."

शेवटी सुभेदारांनी मलाच मधे घातलं. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो. सुभेदारांनी प्लगपासून ब्रेकपर्यंत सगळं वहिनींना पुन्हा ऐकवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वहिनी, एकदा बसून तर बघा. गाडी बंद पडायची नाही."

"गाडी बंद पडंल म्हणून कोण भेतंय," वहिनी म्हणाल्या. "मला ती चालू झालेली सोसत न्हाई."

सुभेदार पुढं सरकले. "आवाज लय करती का? सायलेन्सर बदलू?"

"आवं, तसं न्हाई." वहिनींनी पदर सारखा केला. "तुमची सुट्टी सरायची तवा जीप यायची दारात. झुंजूमुंजू असायचं. जीपवाला इंजान चालूच ठेवायचा. तुमी आईच्या पाया पडायचा, ट्रंक टाकायचा आन जायचा. मी चुलीपशी बसून ऐकायची. कोपऱ्यापतोर मोठा यायचा आवाज, मग बारीक व्हायचा. मग काय न्हाई. आता तुमी रोज सकाळी दारात गाडी चालू करता. मला ठावं हाय तुमी दूध आणाय चाललाय. पर आवाज बारीक होईस्तोर मी चुलीपशीच बसून ऱ्हाती."

सुभेदार आपल्या हातांकडं बघत होते.

"तू कवा बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी असायचा कुठं बोलायला?" वहिनी म्हणाल्या. रागानं नाही. चहा थंड झाला होता, तो परत गरम करायला त्या आत गेल्या.

सुभेदारांनी आत वाकून बघितलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "मी हितनं तिकडं समदा देश बघितला अजित. हिनं सांगलीच्या पुढं काय बघितलं न्हाई. म्हणून घेतली ती गाडी."

पुढचे काही दिवस सकाळी गल्लीत रेड्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, त्यांनी गाडी विकायला काढली. विचारायचा धीर होईना. मग एका सकाळी माझं दुकान उघडायला लवकर निघालो, तेव्हा सुभेदार दिसले. इंजिन बंद ठेवून, तो अवजड रेडा दोन्ही हातांनी ढकलत, वाकून, गल्लीतनं चालले होते. मी पळत जाऊन मागून हात लावणार, तेवढ्यात त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मागून मालनवहिनी येत होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात हेल्मेट.

कोपरा ओलांडून मोठ्या रस्त्याला लागल्यावर सुभेदार थांबले. दम खाल्ला. वहिनींना आधी बसवलं, त्यांचा पदर नीट खोचला आहे ना ते दोनदा बघितलं आणि मग गाडी चालू केली. जवळच्याच सागरेश्वराच्या देवळाकडं गेले दोघं. पहिल्या दिवशी तेवढंच.

आता लांब जातात. परवा गोकर्णाला जाऊन आले. पण निघताना अजूनही गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलतच नेतात. पाठ दुखते, वय झालं, मी सांगून बघितलं. ऐकत नाहीत.

येताना मात्र इंजिन चालू ठेवून थेट दारापर्यंत येतात, आणि दारात थांबूनही थोडा वेळ चालूच ठेवतात.

मी एकदा विचारलं, तर रेड्याच्या टाकीवर फडकं मारत म्हणाले, "घरी आल्याचा आवाज तिला चालतोय. ऐकू दे की पोटभर."